मेंढीच्या मटणाची पारख : कळपात, फळीवर आणि चुलीवर

आषाढात देशावरील कित्येक खेड्यांत चार-सहा घरे मिळून एक मेंढा विकत घेतात. मेंढा कापून झाला म्हणजे त्याचे वाटे घातले जातात. वाटे घालणारा मनुष्य अनुभवी आणि सर्वांच्या विश्वासातला असतो. प्रत्येक वाट्यात फऱ्याचे मांस, सीन्याच्या दोन-चार फासळ्या, मानेचा तुकडा, नळीचे हाड, काळजाचा काप आणि थोडी चरबी पडेल अशा बेताने तो ढीग मांडतो, आणि कोणाकडे अधिकउणे गेले नाही याची खात्री करून मगच हात धुतो. न्यायाच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. स्वयंपाकाच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक अडचण दडलेली आहे. ज्या तुकड्याला शिजण्यास पाऊण तास पुरतो तो आणि ज्याला अडीच तास लागतात तो, असे दोन्ही तुकडे एकाच पातेल्यात एकाच वेळी पडतात. मग मांडीचे मांस उकळून उकळून कोरडे, दोऱ्यासारखे होते आणि नळीभोवतीचे मांस तरीही हाडाला धरून राहते. दोष मेंढ्याला दिला जातो, किंवा ज्याने तो विकला त्या धनगराला.

हा दोष प्रत्येक वेळी खोटाच असतो असे नाही. मेंढा खरोखरच जून असू शकतो, किंवा दिवसभर हाकलून आणून दमलेल्या स्थितीत कापलेला असू शकतो. परंतु दोष नेमका कोठे आहे हे ओळखता आले पाहिजे. मटणाची प्रत मुख्यतः जनावराचे वय, त्याचा चारा, त्याचा वाण आणि शरीराचा भाग यांवर ठरते. यांपैकी वाणाला बाजारात जितके महत्त्व मिळते तितके खाण्याच्या दृष्टीने ते नाही, आणि वयाला जितके द्यावयास हवे तितके दिले जात नाही. मेंढपाळाच्या पदरी पडणारे पैसे आणि खाणाऱ्याचे समाधान ही दोन्ही या विषयाशी निगडित असल्यामुळे ग्रामसेवकांनी व मेंढ्या पाळणाऱ्या शेतकरी बंधूंनी तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

दातांची साक्ष

मेंढीच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. वरच्या जबड्यात पुढे दात नसतात. एक वर्षापर्यंत हे आठही दात दुधाचे, बारीक व पांढरे असतात. एक ते दीड वर्षाच्या सुमारास मधली जोडी पडून तेथे दोन रुंद, कायमचे दात येतात. दोन वर्षांच्या आसपास चार, अडीच ते तीन वर्षांत सहा, आणि साडेतीन ते चार वर्षांपर्यंत आठही दात पुरे होऊन मेंढी ‘जुळते’. चारा भरड असेल किंवा जमीन वालुकामय असेल तर दात लवकर झिजतात, म्हणून यात थोडा इकडे-तिकडे फरक पडतो. तरीही विक्रेत्याच्या तोंडच्या वयापेक्षा मेंढीच्या तोंडातले वय अधिक भरवशाचे असते.

जनावर जिवंत असताना पाहता आले नाही तरी फळीवर टांगलेल्या धडावरून वय सांगता येते. कोकराचे मांस फिकट गुलाबी असते. वय वाढते तसतसे ते गडद लाल होत जाते. कोकराच्या फासळ्या बारीक, गोलसर आणि आतून तांबूस असतात. म्हाताऱ्या मेंढीच्या चपट्या व पांढऱ्या होतात. सर्वांत पक्की खूण पुढच्या पायाच्या नळीच्या खालच्या टोकाशी सापडते. कोवळ्या जनावरात तेथील कूर्चा पुरती हाड झालेली नसते, म्हणून पाय मोडल्यास ओला, तांबडा, दातेरी भाग उघडा पडतो. जून जनावरात तो तसा मोडतच नाही. सांधा गुळगुळीत व टणक लागतो. मटण घेताना पुष्कळ गिऱ्हाइके फऱ्याकडे पाहतात आणि खुराकडे पाहत नाहीत.

वयाने मांस निबर का होते, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मांसाच्या तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे पांढरट ऊतक असते. त्यातील मुख्य द्रव्य कोलॅजेन हे होय. पाण्यात बराच वेळ मंद शिजविले म्हणजे ते विरघळून त्याचे जिलेटिन होते; पायाचा रस्सा गार झाल्यावर थरथरीत गोठतो तो याच जिलेटिनमुळे. वयाबरोबर कोलॅजेनचे प्रमाण फारसे वाढत नाही, परंतु त्याच्या धाग्यांतील आपसांतील गाठी पक्क्या होत जातात आणि ते सहजी विरघळेनासे होते. म्हणून जुन्या मेंढीला अधिक मसाल्याची गरज नसून अधिक वेळेची गरज असते.

वयाचा दुसरा परिणाम वासावर होतो. मेंढीच्या मटणाला जो विशिष्ट उग्र वास असतो तो तिच्या चरबीतील काही मेदाम्लांमुळे येतो, आणि वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या मेंढ्यात तो अधिक तीव्र असतो. ज्यांना हा वास नकोसा वाटतो त्यांनी जून मटणावरील चरबी कापून टाकावी. वासाचा मोठा भाग तिच्याबरोबरच जातो. कोकराची चरबी मात्र टाकण्याचे कारण नाही.

येथे बोकडाचाही उल्लेख करावा लागेल, कारण आपल्याकडे ‘मटण’ या एकाच शब्दात दोन्ही जनावरे येतात. शेळीवर्गात चरबी मुख्यतः पोटात, आतड्यांभोवती व गुर्द्यांभोवती साठते. मेंढीत ती कातडीखाली आणि मांसाच्या थरांमध्येही साठते. शिवाय मेंढीची चरबी लवकर थिजते. जेवताना रस्सा निवला की ओठांना व टाळूला मेणचट थर चिकटतो, तो यामुळेच. मेंढीचे मटण गरम वाढावे हा जुना संकेत केवळ आतिथ्याचा नाही. फळीवर दोहोंतला फरक ओळखताना, धडावर पांढऱ्या टणक चरबीचा थर दिसला तर ती मेंढी समजावी. बोकडाचे धड वरून कोरडे-चिकट असते आणि त्यावर एखाददुसरा केस हमखास चिकटलेला सापडतो.

वाण : उंची म्हणजे मांस नव्हे

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पठारावर पिढ्यानपिढ्या वावरणारी मेंढी म्हणजे दख्खनी. अंगाने लहान, बहुधा काळी, भरड लोकरीची आणि कमालीची काटक. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे तिचे पोटप्रकार मानले जातात. घोंगडीला मागणी होती तोवर तिच्या लोकरीला मोल होते. आज पुष्कळ ठिकाणी लोकर कातरण्याची मजुरीही त्यातून निघत नाही, आणि मेंढपाळाचे उत्पन्न प्रामुख्याने कोकरे विकून व शेतात मेंढ्या बसवून येते. अर्थात मेंढीकडे मटणाचे जनावर म्हणूनच पाहणे त्याला भाग पडले आहे.

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी माडग्याळ मेंढी दिसण्यात अगदी वेगळी आहे. ती उंच, लांब अंगाची व बाकदार नाकाची असून तिच्या अंगावर लोकर थोडी असते. तिची कोकरे झपाट्याने वाढतात, आणि जातिवंत नरांना जत्रांतून जी किंमत मिळते तिने सामान्य मेंढपाळाचे डोळे दिपून जातात. कर्नाटकातील मंड्या मेंढी, जिला बन्नूर असेही म्हणतात, ती याच्या उलट आखूड पायांची, बसकी, पण मागच्या बाजूने अतिशय भरीव असते आणि मटणासाठी तिची मोठी ख्याती आहे. आंध्र प्रदेशातील नेल्लोर ही भारतातील सर्वांत उंच मेंढ्यांत गणली जाते.

या सर्वांत ‘चव कोणाची चांगली’ असा प्रश्न विचारण्याची रीत आहे. एकाच वयाची, एकाच कुरणावर वाढलेली व सारखीच मांसल जनावरे घेतली तर वाणावाणांतील चवीचा फरक बराच कमी होतो. वाणाचा खरा परिणाम जनावराच्या बांध्यावर आणि वाढीच्या वेगावर होतो. हाडाशी मांसाचे प्रमाण काय, मांडी किती भरते, चरबी कोणत्या वयात धरू लागते, या गोष्टी वाणाच्या आहेत. म्हणून मेंढा निवडताना केवळ उंची पाहून भुलू नये. शेवटच्या फासळीच्या मागे, पाठीच्या कण्यावर चार बोटे ठेवून दाबून पाहावे. कण्याची टोके करवतीसारखी बोटाला टोचत असतील तर जनावर कितीही उंच असले तरी त्याच्यात मांस नाही. टोके जाणवतात पण ती गोलसर लागतात आणि दोन्ही बाजूंचा भाग भरलेला आहे, असे असल्यास ते मटणाला योग्य आहे. टोके मुळीच लागत नसतील तर मांसाबरोबर चरबीचेही पैसे मोजावे लागणार हे ओळखावे.

दख्खनी कळपात सरसकट उंच वाणाचे नर घालण्याकडे हल्ली ओढा दिसतो. जेथे चारा-पाण्याची सोय आहे तेथे हे ठीक आहे. परंतु जो कळप वर्षातील सात-आठ महिने वाटेवरच असतो त्याच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा. मोठ्या अंगाच्या मेंढीला अधिक खावे लागते, आणि जे मिळत नाही ते ती खाऊ शकत नाही. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळा मार्ग धरला. बंगालच्या सुंदरबनातील गरोळ या लहानशा मेंढीत जुळी कोकरे होण्याचा गुण आनुवंशिक आहे. तो गुण दख्खनी मेंढीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ हा प्रकार तयार केला. यातही अट आहेच. जुळ्यांना पुरेल इतके दूध मेंढीला यावयाचे तर तिला गाभणपणाच्या अखेरीस व विल्यानंतर पूरक आहार द्यावा लागतो. एरवी दोन कोकरे मिळून एकाचेच वजन भरते.

चाऱ्याची चव

मटणात चारा बोलतो, हे खरे आहे. हिरव्या कुरणावर वाढलेल्या आणि धान्यावर पोसलेल्या मेंढीच्या मटणाचा वास सारखा नसतो, आणि खाणाऱ्याला सवय ज्याची असेल तेच त्याला चांगले वाटते. लसूणघास आणि मोहरीच्या वर्गातील चारा यांवरच वाढलेल्या कोकरांच्या मटणाला उग्रपणा येतो असे परदेशातील प्रयोगांत आढळून आले आहे. त्यावर उपायही सोपा आहे. कापण्यापूर्वी काही दिवस जनावर साध्या गवतावर व कडब्यावर ठेवावे. माणदेशच्या माळावर कुसळी, पवन्या यांसारखी गवते, बाभळीच्या शेंगा आणि कापणीनंतरच्या रानातला पाला खाऊन वाढलेल्या कोकराच्या मटणाला त्याची स्वतःची अशी चव असते. वेल्समधील गॉवर येथे समुद्राच्या भरतीने भिजणाऱ्या खारवट कुरणावर चरणाऱ्या कोकरांच्या मटणाला २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये भौगोलिक नावाचे संरक्षण मिळाले, आणि फ्रान्समध्ये माँ सँ-मिशेलच्या उपसागराकाठच्या कोकरांचाही असाच लौकिक आहे. आपल्याकडे आंब्याला गाव विचारणारे गिऱ्हाईक मटणाला गाव विचारीत नाही, हे मेंढपाळाचे दुर्दैव म्हटले पाहिजे.

दूरदेशीचे मटण

परदेशी मटण ही आता केवळ ऐकण्याची गोष्ट राहिलेली नाही. भारत व ऑस्ट्रेलिया यांमधील व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आला आणि ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या मेंढीच्या मांसावरील ३० टक्के आयातशुल्क रद्द झाले. हे मटण खेड्याच्या बाजारात येणार नाही. ते मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत जाते. परंतु तेथे ते ज्या रीतीने विकले जाते ती रीत पाहण्यासारखी आहे. वयाची व्याख्या कायद्याने बांधलेली, प्रत्येक भाग वेगळा केलेला, आणि प्रत्येक भागाला वेगळा दर. पाठीच्या चापांचा दर मानेच्या दराच्या कितीतरी पट असतो. आपल्याकडे वाट्यात दोन्ही एकाच भावाने जातात.

न्यूझीलंडमध्ये साफ केलेल्या कोकराच्या धडाचे सरासरी वजन १८ ते १९ किलो भरते. आपल्याकडे पुष्कळ मेंढपाळ कोकरू तीन-चार महिन्यांचे होताच विकतात, आणि तेव्हा त्याचे जिवंत वजनच १२ ते १५ किलो असते. ही तुलना सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथील मेंढी बारमाही हिरव्या कुंपणबंद कुरणात चरते. येथील मेंढी उन्हात मैलोगणती चालून पोट भरते. तरीही हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या देशाने मटणाच्या व्यापारात एक धडा शिकला तोही सांगितला पाहिजे. फेब्रुवारी १८८२ मध्ये ‘डनीडिन’ हे जहाज शीतगृहात मटण भरून न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून निघाले व मे महिन्यात लंडनला पोहोचले. तेव्हापासून त्या देशाचा मटणाचा व्यापार बर्फावर उभा राहिला. पण गोठविलेले मटण कित्येकदा कारण नसताना चिवट लागे. १९६३ मध्ये तेथील संशोधकांनी दाखवून दिले की, नुकतेच कापलेले धड गार होण्याआधीच फार थंड केले तर स्नायू आखडतात आणि ते मांस मग शिजवूनही मऊ होत नाही. आपल्याकडे घरोघरी शीतकपाटे झाली आहेत, म्हणून ही गोष्ट आता आपल्याही कामाची आहे. ताजे, गरम मटण घरी आणल्यावर ते एकदम बर्फाच्या कप्प्यात कोंबू नये. एक तर ते लगेच शिजवावे, नाही तर झाकून थंड जागी थोडा वेळ ठेवून मग साध्या थंड कप्प्यात रात्रभर राहू द्यावे. कापल्यानंतर काही तासांनी मांस ताठरते. त्या ताठर अवस्थेत शिजविलेले मटण सर्वांत चिवट होते. दुसऱ्या दिवशी तेच मटण पुन्हा सैल पडते.

कापण्यापूर्वीची आणि नंतरची काळजी

पायी किंवा वाहनातून दूरवर आणलेले जनावर उतरवून लगेच कापू नये. थकलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतील साखर संपलेली असते. तिच्यामुळे मांसात जी सौम्य आम्लता येते ती मग येत नाही. मांस काळपट, कोरडे दिसते आणि लवकर नासते. आदल्या रात्री चारा बंद ठेवून भरपूर पाणी पाजावे व विसावा द्यावा. जंताचे औषध किंवा प्रतिजैविक दिले असल्यास त्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत जनावर कापू नये व विकू नये. आजारी किंवा आपोआप मेलेल्या मेंढीचे मांस कोणत्याही सबबीवर खाऊ नये. अचानक मेलेल्या, नाका-तोंडातून न गोठणारे काळे रक्त येणाऱ्या मेंढीला काळपुळी असण्याचा संभव असतो; तिला चिरणेही जिवावर बेतते. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

काळीज व फुप्फुस पाहताना त्यांवर पाण्याने भरलेले पांढरे फुगे दिसले तर तो भाग कापून खोल पुरावा किंवा जाळावा. तो राखणीच्या कुत्र्यांपुढे टाकण्याची सवय फार घातक आहे. त्या फुग्यांतील कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून कुरणावर पडतात, आणि तेथून मेंढीला व कुत्र्याशी खेळणाऱ्या मुलांनाही बाधा होते. माणसाच्या यकृतात असा फुगा वाढला तर बहुधा शस्त्रक्रियेची पाळी येते. धनगरवाड्यावर जाणाऱ्या ग्रामसेवकांनी ही एक गोष्ट तरी प्रत्येक घरी सांगावी.

वाटा निवडून मग शिजवावा

आता पुन्हा वाट्याकडे वळू. घरी आणलेला वाटा पातेल्यात ओतण्यापूर्वी परातीत पसरावा आणि त्याचे तीन ढीग करावे. जनावराचे जे स्नायू सतत काम करतात ते चिवट व चवदार असतात. जे स्वस्थ असतात ते मऊ पण चवीला सौम्य असतात. मेंढी दिवसभर मान खाली घालून चरते आणि चालते. तेव्हा मान, नळी, सीना आणि पुढच्या फऱ्याचा हाडालगतचा भाग हे पहिल्या ढिगात जातील. फऱ्याचे उरलेले मांस व मांडी दुसऱ्या ढिगात. धडाच्या वजनात मागचे दोन फरे सुमारे एकतृतीयांश भरतात, म्हणून हा ढीग मोठा असतो. पाठीच्या कण्यालगतचे मांस, चापा, काळीज व गुर्दे यांचा तिसरा, लहानसा ढीग होतो.

पहिला ढीग हळद, आले-लसूण आणि बुडेल एवढे पाणी घालून आधी चुलीवर चढवावा. एक उकळी आली की वरचा फेस काढावा आणि आच कमी करावी. पातेले खदखदू देऊ नये. पाणी कडेने केवळ हलत राहिले पाहिजे. जोराच्या उकळीने शिजण्याचा वेळ वाचतो असा समज आहे, परंतु त्याने तंतू आखडून त्यांतील रस बाहेर पडतो आणि कोलॅजेन मात्र तेवढ्या वेळात विरघळत नाही. कोवळे जनावर असेल तर तासाभराने, जून असेल तर दीड-दोन तासांनी दुसरा ढीग त्यात सोडावा आणि पुढे पाऊण ते एक तास शिजू द्यावे. मीठ या वेळी घालावे. जे पाणी उरते तेच अळणी. मुलांना, बाळंतिणीला व आजाऱ्याला वाटीभर द्यावे आणि बाकीच्याचा रस्सा करावा. कोल्हापूरकडे एकाच अळणीतून तांबडा व पांढरा असे दोन रस्से निघतात, त्यामागचे रहस्य हाडे व मान अगोदर सावकाश शिजविण्यातच आहे.

तिसऱ्या ढिगाचा रश्शाशी संबंध ठेवू नये. चापांना मीठ, लसूण व तिखट चोळून तव्यावर चरबीच्याच तुकड्यावर दोन्ही बाजूंनी परतावे. कोवळ्या चापांना दहा-बारा मिनिटे पुरतात. काळीज त्याहूनही लवकर होते, आतला तांबडेपणा गेला की उतरावे. अधिक ठेवले तर ते रबरासारखे होते. वजडी मात्र याच्या अगदी उलट. ती चुन्याच्या निवळीने किंवा गरम पाण्याने खरवडून स्वच्छ करावी व पहिल्या ढिगाहूनही अधिक वेळ शिजवावी.

कुकरमध्ये पाण्याचे तापमान शंभर अंशांच्या वर, सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. त्यामुळे मान आणि नळी लवकर शिजतात, परंतु मांडीही तितक्याच लवकर कोरडी पडते. म्हणून कुकर पहिल्या ढिगासाठी वापरावा व दुसरा ढीग झाकण काढल्यावर घालावा. जून मटणाला कच्च्या पपईचा कीस, किलोला दोन चमचे, अर्धा तास चोळून ठेवल्यास उपयोग होतो. पपईच्या चिकातील द्रव्य तंतू तोडते. अधिक घातल्यास किंवा अधिक वेळ ठेवल्यास मांसाचा पिठूळ लगदा होतो. काही घरांत पातेल्यात सुपारीचे खांड टाकतात. त्यावर विसंबून आच मोठी करू नये एवढेच सांगता येईल.

हे सर्व वाचून पटेलच असे नाही, म्हणून तुलना करून पाहावी. महिला मंडळाच्या एखाद्या बैठकीत हा प्रयोग सहज होतो. एकाच मेंढ्याचे मांडी, खांदा, मान व नळी असे पाव-पाव किलो मांस वजन करून घ्यावे. चार सारख्या भांड्यांत सारखे पाणी, मीठ व हळद एवढेच घालून मंद आचेवर ठेवावे. मसाला घालू नये. मसाला असला की मांस काय सांगते ते ऐकू येत नाही. पाऊण तासाने, दीड तासाने आणि अडीच तासांनी प्रत्येकातला एकेक तुकडा चाखून पाहावा. कोणता तुकडा कोणत्या वेळी उत्तम लागला हे तेथेच टिपून ठेवावे, आणि शेवटी शिजलेले मांस पुन्हा तोलावे. चाखलेले तुकडे जमेस धरूनही वजनात पाव ते एकतृतीयांश घट दिसेल. दुसऱ्या खेपेस दुधाच्या दाताच्या कोकराची आणि जुळलेल्या मेंढीची मान शेजारी शेजारी शिजवावी. वयाचा अर्थ त्या दोन भांड्यांत जितका स्पष्ट होतो तितका तो सांगून होत नाही.

कोकरू केव्हा विकावे

मेंढपाळाच्या दृष्टीने खरा प्रश्न हा आहे. हिवाळ्याच्या तोंडावर जन्मलेले कोकरू माघ-फाल्गुनात तीन-चार महिन्यांचे होते आणि व्यापारी वाड्यावर येऊन ते नगाने घेऊन जातो. त्या वेळी रोख पैशांची गरज असते, मेंढीचे दूध आटू लागलेले असते, आणि पुढे उन्हाळा असतो. तेव्हा विकणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण हिशेब करून पाहावा. कोकरू १३ किलोचे आहे आणि ते आणखी तीन महिने राखले असे धरू. जंताचे औषध, आंत्रविषाराची लस आणि दररोज मूठ-दोन मूठ भरडा मिळाल्यावर दिवसाला ८० ग्रॅम वाढ धरली, तरी तीन महिन्यांत सुमारे ७ किलो वाढ होऊन ते २० किलोचे होईल. जिवंत वजनाच्या ४५ टक्के मटण पडते असे मानल्यास पावणेसहा-सहा किलोंऐवजी नऊ किलो मटण मिळेल. मांस तेव्हाही कोवळेच असते, कारण दात अजून दुधाचेच आहेत. शिवाय कोकरू आषाढाच्या जवळ येते, जेव्हा मागणी वाढलेली असते. हा फायदा आज व्यापारी घेतो.

यातून भरड्याचा व औषधाचा खर्च वजा केला पाहिजे, आणि मरतुकीचा धोकाही धरला पाहिजे. भरडा एकदम सुरू करू नये. पन्नास ग्रॅमपासून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, नाही तर पोटात आम्ल होऊन कोकरू दगावते. जो कळप कोकणात उतरलेला आहे त्याला भरड्याची पोती वाहून नेता येत नाहीत, आणि वाटेत कोकरांसाठी सावलीही मिळत नाही. अशा मेंढपाळाला सर्व कोकरे राखा असे सांगणे म्हणजे त्याची अडचण न समजणे होय. ज्याचे गावी घर व थोडी ओलिताची जमीन आहे आणि घरी राहणारे कोणी आहे, त्याने पाच नर कोकरांपैकी तीन विकून दोन घरी ठेवावीत. पहिल्या वर्षी एवढेच करून पाहावे.

मात्र विकताना नगाने विकू नये. व्यापाऱ्याचा डोळा वर्षानुवर्षे वजन करण्यात तयार झालेला असतो. मेंढपाळाचा डोळा आपल्या कोकरावरच्या मायेने चुकतो. ताणकाटा फार महाग नाही, आणि चार वाड्यांनी मिळून एक घेतला तरी चालतो. कोकराला घोंगडीच्या किंवा गोणपाटाच्या झोळीत घालून ती काट्याला अडकवावी आणि दर पंधरा दिवसांनी आकडा वहीत लिहावा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्यावा. व्यापारी वाड्यावर आला की बोलणी सुरू होण्याआधी ती वही आणि तो काटा बाहेर काढून ठेवावा.